‘स्मृतिचित्रां’तील धर्मांतराचा अर्थ

लक्ष्मीबाई टिळकांनी १९०० साली बाप्तिस्मा घेतला तो केवळ पतीच्या पाठोपाठ, असा समज रूढ आहे. रेव्हरंड टिळक १८९५ मध्येच ख्रिस्ती झाले असल्याने तो स्वाभाविकही वाटतो. ‘स्मृतिचित्रे’ (१९३४–३७) मात्र त्यास पुष्टी देत नाहीत. पतीजवळ राहावयास आल्यावरही बाईंनी सोवळे सोडले नव्हते. पुढे जातिभेद ईश्वरनिर्मित नसून मनुष्यकृत होत, असा त्यांच्या मनाचा निश्चय झाला, आणि कोणाच्याही हातचे अन्नपाणी त्यांनी वर्ज्य मानले नाही. हा निश्चय बाप्तिस्म्याच्या आधीचा आहे, हे ध्यानात घेतले पाहिजे. दीक्षेचा संस्कार होण्यापूर्वीच स्वयंपाकघर पालटले होते. ख्रिस्ती जीवनाचा अर्थ बाईंना प्रथम गवसला तो तेथे. आपल्या सोवळ्याची फजिती त्या हसत सांगतात. पश्चात्तापाचा गहिवर त्यात नाही, आणि म्हणूनच (निदान प्रस्तुत लेखकास तरी) ते निवेदन विश्वसनीय वाटते. रेव्हरंड टिळकांच्या निधनाने (१९१९) अपुरे राहिलेले ‘ख्रिस्तायन’ बाईंनी पूर्ण केले. तेही निव्वळ पतिकार्य म्हणून वाचणे मग कठीण जाते.