निरंक आणि मुंग्यांची शर्यत

नाटकांची परीक्षणं छापून येतात, सिनेमांची येतात, आणि खासबागेतल्या कुस्तीचा समीक्षक तर आमच्या शाहूपुरीत चहाच्या दर गाड्यावर एक उभा असतो. पण बुद्धपौर्णिमेला जंगलात प्राणी मोजायला गेलेले स्वयंसेवक मचाणावर जे खेळ खेळतात, त्यांची दखल अजून कुणी घेतलेली नाही. राधानगरीच्या अभयारण्यात मी अशा तीन पौर्णिमा काढल्या आहेत. बी.कॉम. माणसाला टीकाकार व्हायला एवढी पात्रता पुष्कळ झाली.

आधी रंगमंच सांगतो. चार फळ्या, त्यावर एक निवृत्त गुरुजी, एक कॉलेजचा पोरगा, एक वनरक्षक आणि मी. मुक्काम चोवीस तास. बोलायचं नाही, विडी नाही, अत्तर नाही. वैशाखात पाणी मोजक्या ठिकाणी उरतं, म्हणजे जनावर तिथं येणारच, आणि चांदण्यात ते दिसणारच, असा हिशेब. जनावरांनी हा हिशेब वाचलेला नसतो. मोबाईलला रेंज नसते. मग माणसं खेळायला लागतात.

फुल्ली-गोळा हा त्यातला सर्वांत कंटाळवाणा. दोन बऱ्यापैकी शहाणी माणसं खेळली की बरोबरीच होते. आम्ही अकरा वाजेपर्यंत सदतीस बरोबऱ्या केल्या. नाव-गाव-फळ-फूल कागदावर लिहून खेळता येतं, पण पोरानं ‘ण’ अक्षर काढलं आणि गुरुजींचा व्याकरणाचा तास सुरू झाला. तोही कुजबुजत. कुजबुजीतलं भांडण पंक्चर झालेल्या ट्यूबसारखं ऐकू येतं. पाण्याकडं निघालेलं जे काही होतं ते तिथूनच माघारी गेलं असावं.

पैजेचा खेळ मात्र मी साफ नापास करतो. “काका, तीनच्या आत गवा. दहा रुपये!” इथवर ठीक. पण दोन वाजता पलीकडच्या काठावरचा दगड गवा झाला आणि अडीचला त्याला वासरू झालं. पेन्सिल पैज लावणाऱ्याच्याच हातात! वनरक्षकानं मान वळवून बघितलं. “सायेब, त्यो धोंडा हाय. गेल्या सालीबी हितंच हुता.”

दहा रुपयांची गंमत, असं तुम्ही म्हणाल. राजस्थानातल्या सरिस्का अभयारण्यात 2004 च्या कागदावर डझनाहून जास्त वाघ होते. 2005 साली शोधायला गेले तर एकही नाही. शिकाऱ्यांनी ते केव्हाच संपवले होते. कागदावरचे मात्र पाऊलठशांच्या मोजणीत सुखरूप होते. पुढं देशाच्या व्याघ्रगणनेत ही ठशांची पद्धत मागं पडून कॅमेरे आले. पाणवठ्यावरच्या मोजणीवरही आता शास्त्रज्ञ फारसं विसंबत नाहीत. वनखातं तिला ‘निसर्गानुभव’ म्हणतं. म्हणून काय आम्ही धोंड्याला वासरू लावायचं? बँकेत शिल्लक जुळत नसताना जुळली असं लिहिणाऱ्याला आम्ही काय म्हणतो, ते इथं छापता येणार नाही.

गवा आला असं कुणीही लिहील. रात्री एक ते चार ‘निरंक’ लिहायला माणूस जागा हवा, आणि काही दिसावं अशी त्याची गरज नको. या कसोटीवर उतरणारा एकच खेळ मला सापडला: मुंग्यांची शर्यत. मचाणाच्या कठड्यावर प्रत्येकानं आपली मुंगी निवडायची आणि दुसऱ्या टोकाला राजगिऱ्याच्या लाडवाचा कण ठेवायचा. आवाज नाही, अक्षरावरून वाद नाही. चांदण्यात मुंगी नजरेतून सुटू नये म्हणून डोळे ताणून धरावे लागतात, त्यामुळं झोप येत नाही. कथानक मात्र कच्चं आहे. मुंग्या अर्ध्या वाटेत समोरून येणारीला भेटतात, चार घरगुती गोष्टी बोलतात आणि परत फिरतात. म्हणजे कुणीच जिंकत नाही, आणि तेच या खेळाचं बळ आहे.

चार वाजून दहा मिनिटांनी एक भेकर आलं, पाणी प्यालं, गेलं. पोरानं त्या रात्रीचा पहिला ‘1’ लिहिला. नर की मादी या रकान्यात त्यानं ‘कळलं नाही’ लिहिलं, तेव्हा गुरुजींनी त्याला लाडू दिला.

खेळणाऱ्यांसाठी एक सूचना. लाल मुंग्या घेऊ नयेत. त्या शर्यत सोडून प्रेक्षकांत येतात.