‘शाळा’ आणि ‘सैराट’ : किशोरवयीन प्रेमाच्या सत्यतेचा प्रश्न

प्रस्तावना

किशोरवयातील प्रेम हे खरे प्रेम असते की केवळ शारीरिक आकर्षण, हा प्रश्न पालक व शिक्षक यांच्याकडून वारंवार उपस्थित केला जातो. त्याचे उत्तर बहुधा आधीच ठरलेले असते व प्रश्नाला चौकशीचे रूप येते. मिलिंद बोकील यांची ‘शाळा’ (२००४) ही कादंबरी आणि नागराज मंजुळे यांचा ‘सैराट’ (२०१६) हा चित्रपट या दोन कलाकृती माध्यम, काळ व सामाजिक स्तर या दृष्टींनी भिन्न आहेत. तथापि दोन्ही कलाकृती या प्रश्नाच्या मांडणीलाच आव्हान देतात.

विवेचन

भारतीय काव्यशास्त्राने ‘रती’ हा शृंगाररसाचा स्थायीभाव मानला आणि मीलनापूर्वीच्या ओढीस ‘पूर्वराग’ असे स्वतंत्र नाव दिले. या परंपरेत आकर्षण हा प्रेमाचा विरोधी पक्ष नसून त्याचा आरंभ आहे. आरंभावरून परिणतीचा निवाडा करता येत नाही.

‘शाळा’चे कथानक आणीबाणीच्या काळात घडते. नववीतील मुकुंद जोशी हा निवेदक वर्गातील शिरोडकरकडे ओढला जातो. मुलांच्या बोलीत या साऱ्याला ‘लाइन’ हा एकच शब्द आहे. मुकुंदची अनुभूती मात्र त्या शब्दात मावत नाही. तिच्या नुसत्या दिसण्याने दिवस उजळणे, तिच्याशी बोलताना शब्द न सुचणे, यांत देहभान आहे तसे आदरयुक्त संकोचाचे भानही आहे. हे नाते उमलण्यापूर्वीच मोठ्यांच्या जगाचा त्यात हस्तक्षेप होतो आणि शिरोडकर त्याच्या आयुष्यातून निघून जाते. हे प्रेम टिकले असते की विरले असते, याचे उत्तर कादंबरी देत नाही. ते उत्तर मिळण्यास लागणारा अवधीच तेथे नाकारला गेला आहे.

‘सैराट’ हा अवधी काही काळ उपलब्ध करून देतो. पूर्वार्धात विहीर, शेत, चोरट्या नजरा अशी आकर्षणाची उत्कट चित्रे आहेत. हैदराबादला पळून गेल्यानंतर गाण्यांचे जग मागे पडते. झोपडपट्टीतील खोली, डोशाची गाडी, कारखान्यातील काम, अनोळखी भाषा, घराची ओढ, संशय आणि मारहाण यांतून आर्ची व परश्या यांचे नाते जाते. ते तुटण्याच्या टोकापर्यंत जाऊन पुन्हा सांधले जाते. विवाह, अपत्य व संसार या मार्गाने पूर्वरागाची परिणती जबाबदारीत होते. ज्या क्षणी हे प्रेम कसोटीस उतरते, नेमक्या त्याच टप्प्यावर आर्चीच्या माहेरची माणसे दोघांची हत्या करतात. हत्येमागे प्रेमाच्या खरेपणाविषयीची शंका नसून जातीच्या व घराण्याच्या प्रतिष्ठेचा अहंकार आहे, हे येथे उघड होते. ‘केवळ आकर्षण’ हा आक्षेप अनेकदा या अहंकाराचे सभ्य आवरण असतो.

दोन्ही कलाकृतींच्या मर्यादाही नोंदवणे आवश्यक आहे. ‘शाळा’मध्ये सर्व काही मुकुंदच्या दृष्टीतून येत असल्याने शिरोडकरचे मन वाचकास अप्राप्य राहते. ‘सैराट’मध्ये आर्ची पुढाकार घेते, निर्णय घेते, त्यामुळे मुलीची इच्छाही प्रकट होते. मात्र पूर्वार्धातील सौंदर्यीकरण इतके प्रभावी आहे की अनेक प्रेक्षकांच्या स्मरणात गाणी राहतात आणि उत्तरार्धातील कष्ट विसरले जातात.

निष्कर्ष

किशोरवयीन प्रेमाची सत्यता त्याच्या आरंभीच्या आवेगात शोधणे तर्कदृष्ट्या सदोष आहे. ती काळ, संवाद आणि जबाबदारी यांतूनच सिद्ध किंवा असिद्ध होते. काही ओढी विरतील, काही टिकतील. विरलेली ओढही खोटी होती असे म्हणता येत नाही. म्हणून महाविद्यालयीन अध्यापकांसमोर या तरुणांच्या भावनेचा निवाडा करण्याचे कार्य नाही. ती भावना भयमुक्तपणे समजून घेण्यास आणि पारखण्यास त्यांना अवकाश मिळतो की नाही, हे पाहणे हे त्यांचे खरे कार्य होय. ‘शाळा’ आणि ‘सैराट’ यांतील शोकाचे मूळ त्या अवकाशाच्या अभावात आहे.