टॅटू की गोंदण? २००७ चा एक पेपर, शिरोलीच्या नाक्यावरून वाचलेला

सर्व्हे करायचा आहे, विषय सोपा हवा आणि तयार प्रश्नावली मिळायला हवी. पहिलं प्रपोजल लिहिताना बहुतेकांची गाडी इथूनच सुटते. ‘टॅटूविषयी समाजाचा दृष्टिकोन’ हा त्यातला लाडका विषय. परदेशी पेपर भरपूर सापडतात, प्रश्नांचं मराठी भाषांतर एका दुपारी होतं आणि गूगल फॉर्म कॉलेजच्या ग्रुपवर टाकला की दोनशे उत्तरं येतात. तुमच्यापैकी कुणी हे करायच्या विचारात असाल, तर आधी माझ्याबरोबर एक पेपर वाचा. पेपर वाईट आहे म्हणून नव्हे. चांगला आहे, आणि म्हणूनच त्याची नक्कल करावीशी वाटते.

विरेन स्वामी आणि एड्रियन फर्नहॅम यांचा हा पेपर २००७ साली ‘बॉडी इमेज’ या नियतकालिकात आला. टॅटू असलेल्या स्त्रियांकडे लोक कसं पाहतात, हा प्रश्न. ८४ विद्यार्थिनी आणि ७६ विद्यार्थी अशा १६० जणांना बाईची १६ रेखाचित्रं दाखवली. केसांचे २ रंग, टॅटूच्या ८ पातळ्या, २ गुणिले ८ म्हणजे १६. प्रत्येक चित्राबद्दल तीन गोष्टी विचारल्या: ही किती आकर्षक वाटते, लैंगिक बाबतीत किती स्वैर वाटते आणि एका रात्रीत किती दारू पीत असेल. टॅटू जितके जास्त, तितकी चित्रातली बाई कमी आकर्षक, जास्त स्वैर आणि जास्त पिणारी ठरली. हीच तीन विशेषणं लेखकांनी पेपरच्या शीर्षकात घातली आहेत. (शीर्षक असं ठेवलं की पेपर वाचणाऱ्यांपेक्षा शीर्षक सांगणारे वाढतात. तुम्ही ठेवू नका.)

आधी जमेची बाजू. ‘तुम्हाला टॅटू आवडतात का?’ असं त्यांनी थेट विचारलं नाही. बाकी सगळं तेच ठेवून फक्त शाई वाढवत नेली. म्हणून उत्तरांत फरक पडला तर तो शाईमुळेच पडला, असं म्हणता येतं. ८ पातळ्या असल्यामुळे नुसतं ‘आहे-नाही’ कळत नाही, चढ कसा आहे तेही कळतं. प्रयोगाचा सांगाडा शिकायला हा पेपर उत्तमच.

आता खटकणाऱ्या गोष्टी. ओळीनं १६ चित्रं पाहिल्यावर कुठल्याही हुशार विद्यार्थ्याला कळतं की इथे केस आणि टॅटू एवढंच बदलतंय. ते कळलं की तो बाईबद्दलचं मत देत नाही, परीक्षकाला काय हवंय त्याचा अंदाज देतो. दुसरं, आठही पातळ्या फक्त ‘किती’ सांगतात. काय काढलंय, कुठे, कुणी, कधी, कशासाठी, हे सगळं एका आकड्यात गडप होतं. आणि बाई कोण? तिला वय नाही, गाव नाही, काम नाही. १६० विद्यार्थ्यांनी एका अनोळखी रेषेला चारित्र्य चिकटवलं, एवढंच आपल्याला कळलं.

आता हाच पेपर घेऊन शिरोली एमआयडीसीत या. पुणे-बंगळूर महामार्गावर, पंचगंगेच्या पुलाअलीकडे, कोल्हापूरच्या फाउंड्रीवाल्यांची ही जुनी वसाहत. पाळी सुटायच्या वेळी नाक्यावर उभं राहा आणि तोंडाकडे न पाहता फक्त हातांकडे पाहा. भाजी विकणाऱ्या आजीच्या हातावर निळी-हिरवी पडलेली तुळस आणि हनुवटीवर ठिपका. फेटलिंगमधल्या उत्तर प्रदेशच्या हेल्परच्या हातावर देवनागरीत त्याचं स्वतःचं नाव. सीएनसीवरच्या हातकणंगल्याच्या पोराच्या दंडावर राजमुद्रा. ऑफिसातल्या मॅडमच्या मनगटावर बारीकसा पक्षी, घड्याळाच्या पट्ट्याखाली अर्धा लपलेला. स्वामी-फर्नहॅमच्या मोजपट्टीवर हे चारही हात साधारण एकाच पातळीचे भरतील. नाक्यावरचा एकही माणूस त्यांना एकसारखं वाचणार नाही.

जाता जाता: मशीनवर काम करताना अंगठी, कडं, मनगटाचा गंडा काढून ठेवायला लावतात, कारण तो अडकून हात आत जाऊ शकतो. कामावरही अंगावर राहणारा दागिना एकच, हा कातडीतला. ‘मेल्यावर बरोबर येतं ते फक्त गोंदण’ असं जुन्या बायका म्हणतात. जिवंतपणी पाळीवरही तेच बरोबर येतं. पण हे कुठल्याच प्रश्नावलीत नाही.

माझ्या मते खरी गफलत भाषांतरात होते. इंग्रजीत एकच शब्द आहे. आपल्याकडे दोन आहेत आणि नाक्यावरच्या हिंदीतला ‘गोदना’ धरला तर तीन. ‘टॅटू’ म्हटलं की स्टुडिओ, फॅशन, पोरं बिघडली. ‘गोंदण’ म्हटलं की आजी, सौभाग्य, जत्रा. दृष्टिकोनातला अर्धा फरक शब्दातच बसलेला आहे, आणि तुम्ही फॉर्ममध्ये एक शब्द निवडला की उत्तरही निवडून टाकता. त्या आजीला विचारा, ‘तुमच्या अंगावर टॅटू आहे का?’ ती ‘नाही बाई’ म्हणेल, आणि तिच्या दृष्टीनं ते खरं असेल. म्हणजे दृष्टिकोन राहिला बाजूला, किती लोकांच्या अंगावर आहे हा साधा आकडासुद्धा चुकला. त्यात आपलं क्रियापद. ‘तुम्ही कधी टॅटू काढला आहे का?’ या प्रश्नाला ‘हो’ म्हणणाऱ्यानं तो काढून घेतला की लेझरनं काढून टाकला? गोंदण गोंदतात, तिथे हा घोळ नाही.

या दोन शब्दांमागे वर्गही आहे. आजीच्या पिढीत गोंदण नसणं हे कमीपणाचं होतं. मुली शाळेत जाऊ लागल्या तसं ते गावंढळपणाचं लक्षण ठरत गेलं. कपाळावरचा हिरवा ठिपका मोठ्या कुंकवाखाली झाकणाऱ्या बायका तुम्हीही पाहिल्या असतील. आता नात पैसे मोजून तेच हातावर घेते आणि घरात भांडण होतं. मत आधी एका बाजूला गेलं, मग उलटं फिरलं, तेही शब्द बदलून. ‘जुने लोक विरोधात, तरुण बाजूनं’ असं सरळ गृहीतक मांडाल तर हे वळण तुमच्या आलेखात दिसणारच नाही.

कपाळाचा मुद्दा आणखी मागे जातो. क्लेअर अँडरसन या इतिहासकार बाईंचं वसाहतकाळातल्या भारतीय कैद्यांच्या शरीरांवरचं पुस्तक २००४ साली आलं. ते मिळवून वाचाच. बंगाल आणि मद्रास इलाख्यांत कंपनी सरकार शिक्षा म्हणून कैद्याच्या कपाळावर गुन्हा गोंदवत असे. ही पद्धत १८४९ मध्ये बंद झाली. म्हणजे याच देशात एका कपाळावरची शाई सौभाग्य होती आणि दुसऱ्या कपाळावरची जन्मठेप. पुढे १८७६ मध्ये इटलीच्या लोंब्रोसोनं गुन्हेगारावरचं पुस्तक काढलं आणि टॅटूला जन्मजात गुन्हेगारीच्या खुणांत बसवलं. त्यानं टॅटू शोधले तुरुंगांत आणि बराकींत, आणि तिथे ते सापडले. नमुना निवडीचा धडा शिकवायला याहून चांगलं उदाहरण माझ्याकडे नाही. फ्रान्सच्या लाकासान्यनं त्याच काळात वाद घातला की या खुणा परिस्थितीच्या आहेत, रक्ताच्या नाहीत. वाद लाकासान्यनं जिंकला असेल, पण लोकांच्या डोक्यात लोंब्रोसो राहिला. ‘दीवार’मधल्या पोराच्या हातावर बाप चोर असल्याचं बळजबरीनं गोंदलं जातं, तेव्हा १९७५ च्या प्रेक्षकाला काही समजावून सांगावं लागलं नाही.

मग दृष्टिकोन मोजायचा कुठे? मी म्हणेन, जिथे त्यावर काही तरी ठरतं तिथे. कोल्हापुरात अशी एक जागा सगळ्यांना माहीत आहे: भरती. एमआयडीसीत पाळी करून पहाटे धावायला जाणारी पोरं शिरोलीत कमी नाहीत. सैन्यभरतीच्या जाहिरातींत छापला जाणारा नियम असा: कायमचा टॅटू चालेल तो फक्त हाताच्या आतल्या बाजूला, कोपरापासून मनगटापर्यंत, आणि पंजाच्या मागच्या बाजूला. इतर कुठे असेल तर उमेदवार बाद. आदिवासी समाजांतल्या परंपरागत खुणांना मात्र प्रकरणागणिक सूट. केंद्रीय सशस्त्र पोलीस दलांचे वैद्यकीय निकष आणखी बारकाईत जातात: हाताचा आतला भाग चालेल, पण डावाच, कारण उजवा सलामीचा, आकार त्या अवयवाच्या चौथ्या हिश्श्याहून कमी, आणि मजकूर धार्मिक चिन्ह किंवा नाव अशा धर्तीचा.

हे पुन्हा वाचा. जागा, बाजू, आकार, मजकूर, माणसाचा समाज: पाच चलं! सरकारी कारकुनी भाषेतला हा नियम पेपरातल्या ८ पातळ्यांपेक्षा समाजाचं मन बारकाईनं पकडतो. आत्तापर्यंत लोकांनी जिथे गोंदून घेतलं त्या जागा नियमानं ‘परंपरागत’ म्हणून मान्य केल्या आणि उरलेलं शरीर संशयात ठेवलं. न्याय्य आहे का? मला नाही वाटत. जोतिबाच्या यात्रेत मनगटाजवळ नाव गोंदवून घेतलेला आत येतो आणि दंडावर राजमुद्रा असलेला बाहेर राहतो. दोघांची धाव, छाती, उंची तीच. त्या राजमुद्रावाल्याला फाउंड्रीच्या सुपरवायझरनं हटकलेलं नसतं, उलट कौतुक केलेलं असतं. मुलगी बघायला गेल्यावर तिथला मामा त्याच दंडाकडे बघून ‘पोरगं जरा टपोरी वाटतंय’ म्हणतो. टॅटू ताजा असेल तर रक्तदान शिबिरात काही महिन्यांनी या म्हणतात. तिथे मात्र कारण दृष्टिकोन नाही, सुईतून होणारा संसर्ग आहे. एकच दंड, चार दारं. या सगळ्यांना पाच बिंदूंच्या स्केलवर विचारून ३.२ सरासरी काढलीत, तर तो आकडा चौघांपैकी एकाचाही नसेल.

नोकरीच्या दारावरही अभ्यास झालेत आणि ते शेजारी ठेवून वाचण्यासारखे आहेत. अँड्र्यू टिमिंग यांनी २०१५ साली छापलेल्या अभ्यासात नोकरी देणाऱ्या व्यवस्थापकांच्या मुलाखती होत्या. दिसणारा टॅटू नुकसान करतो असं त्यांना आढळलं, पण कारण गमतीचं: व्यवस्थापकाला स्वतःला फार त्रास नसतो, गिऱ्हाइकाला काय वाटेल याची त्याला धास्ती. शिरोलीत हेच विचाराल तर ‘आमचं काही नाही हो, कस्टमरचं ऑडिट असतं’ या धर्तीचं उत्तर मिळेल, असा माझा अंदाज. पुढे हेच टिमिंग फ्रेंच आणि मॉर्टेन्सन यांच्याबरोबर अमेरिकेतल्या दोन हजारांहून अधिक लोकांचा सर्व्हे करतात, आणि तिथे टॅटूचा पगाराशी किंवा नोकरी असण्या-नसण्याशी तोट्याचा संबंध दिसत नाही. तोच माणूस, दोन पद्धती, दोन उत्तरं. दुसऱ्या उत्तरावरून ‘भेदभाव संपला’ असं लिहायची घाई करू नका. ज्याला काउंटरवर घेतलं नाही तो भट्टीवर गेला असेल, जिथे हात कुणी बघत नाही. नोकरी त्यालाही आहेच.

म्हणून तुमच्या प्रपोजलसाठी माझी सूचना छोटी आहे. अर्ध्या लोकांना ‘गोंदण’ शब्दानं विचारा, अर्ध्यांना ‘टॅटू’नं, आणि कुणाला कुठला फॉर्म जाईल हे नाणं उडवून ठरवा. एकाला एकच हात दाखवा, म्हणजे तुमचा डाव त्याला कळणार नाही. हात कुणाचा तेही सांगा: वय, काम, बाई की बुवा. आणि ‘कसं वाटतं’ऐवजी ‘काय कराल’ विचारा: कामावर घ्याल का, घर भाड्यानं द्याल का, स्थळ म्हणून पुढे न्याल का. नमुना लहान असला तरी चालेल, फक्त तो एका ग्रुपवरचा नको. ज्यांना फॉर्म वाचायचा कंटाळा आहे त्यांच्याशी बोलून भरून घ्या. पाळी सुटताना नव्हे, तेव्हा सगळ्यांना घर दिसत असतं.

आणि गेटवर उभं राहून लोकांच्या हातांचे फोटो काढू नका. चेहरा कापला तरी हातावर नाव, गाव, देव असतो. कंपनीतला कुणीही तो हात ओळखेल आणि नैतिकता समिती तुमचा अर्ज परत पाठवेल, योग्यच करेल. चित्र काढणाऱ्या एखाद्या मित्राला धरा आणि खुणा थोड्या बदलून हात रेखाटून घ्या. रेखाचित्रांबद्दल स्वामी आणि फर्नहॅम यांना वर मी जे बोललो, त्यातलं तेवढं मागे घ्यावं लागेल.