हार्प आणि गवताची गाडी

जेन ऑस्टिनच्या ‘मॅन्सफील्ड पार्क’ (१८१४) या कादंबरीतले हार्प वाजण्याआधी वाटेत अडकते, आणि मला विचाराल तर त्याच्या सुरांपेक्षा हे अडकणेच अधिक रसाळ आहे. लंडनमध्ये काका-काकूंकडे वाढलेली, वीस हजार पौंडांची धनीण मेरी क्रॉफर्ड नॉर्थम्प्टनशायरमधल्या एका गावी, पाद्रीबुवांशी लग्न झालेल्या आपल्या सावत्र बहिणीकडे मुक्कामाला आली आहे. तिचे हार्प नॉर्थम्प्टनपर्यंत पोहोचले. पुढे आणायला हवा फक्त एक घोडा आणि एक गाडी. खिडकीतून पाहावे तर एका शेतकऱ्याचे आवार, बागेत फिरायला जावे तर दुसऱ्याचे. तेव्हा गाडी मागायचाच काय तो अवकाश, असे तिला वाटते. उलट एकाला ही मिळकत दिली की बाकीचे तिला मुकणार, याचीच तिला हळहळ! या हळहळीपाशी आपण क्षणभर रेंगाळू या. ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’मध्ये एलिझाबेथचा चिखलाने माखलेला परकर पाहून नाक मुरडणाऱ्या बिंग्ले भगिनी पहिल्या नजरेतच कळतात (त्यांची स्वतःची श्रीमंती व्यापारातून आलेली, हे त्या सोयीस्करपणे विसरतात, ते वेगळेच). मेरीचा नागर तोरा मात्र औदार्याचा शेला पांघरून येतो, आणि म्हणूनच तो पुन्हा पुन्हा न्याहाळावासा वाटतो.

दिवस गवतकापणीचे आहेत. हाताशी आलेले गवत वेळेत आत घ्यायचे, तर घोडा मोकळा मिळणार कुठून? मेरीच्या एका मागणीने शेतकरी रुसले, मजूर रुसले, तिच्या म्हणण्याप्रमाणे शिवारातले गवतसुद्धा रुसले, मेहुणे डॉ. ग्रँट यांचाही चेहरा काळवंडला. लंडनमध्ये पैसा टाकला की हवे ते मिळते, हे तत्त्व इथे चालेना, असे ती हसतहसत सांगते. ऑस्टिनची किमया अशी की हा सारा प्रसंग आपण मेरीच्याच तोंडून ऐकतो. विनोद तिचाच, आणि त्यातला विनोदविषयही तीच. आपण तिच्यासोबत हसू लागतो आणि हसता हसता केव्हा तिलाच हसू लागतो, ते उमगतही नाही. हार्पचा शोध लागल्याची हकिकत तर बहारीची. नोकर धाडून, स्वतः जाऊन थेट चौकशी केली, ती वाया गेली; अखेर ते कुणा शेतकऱ्याच्या दृष्टीस पडले, त्याने गिरणीवाल्याला सांगितले, गिरणीवाल्याने खाटकाला, आणि खाटकाच्या जावयाने दुकानात निरोप ठेवला. लंडनपासून सत्तर मैलांवर बातमी अशीच चालते, असे मेरी चेष्टेने म्हणते खरी. पण जिथे प्रत्येकाला प्रत्येकाचे ठाऊक असते अशा एका सबंध गावाचा नकाशा तिने नकळत एका दमात रेखाटलेला असतो. स्टीव्हन्टनला शेतीही पाहणाऱ्या पाद्र्याच्या घरी वाढलेल्या लेखिकेला कापणीची निकड कुणी शिकवायला नको होती; तरीही ती स्वतः मेरीला दटावत नाही. समजूत घालण्याचे काम ती शेजारच्या मॅन्सफील्ड पार्क या वाड्यातल्या धाकट्या मुलावर, एडमंडवर सोपवते, आणि तो ते सौम्यपणे, किंचित शिक्षकी थाटात पार पाडतो. त्याच वाड्यात वाढलेली त्याची मावसबहीण, कादंबरीची नायिका फॅनी, हिने हार्प कधी ऐकलेलेच नाही. तिला ते ऐकायची उत्सुकता आहे.

शेवटी मेरीचा भाऊ हेन्री आपल्या ऐटबाज बग्गीतून ते आणायचे कबूल करतो. हार्प येते, आणि गवताचे महत्त्व समजावणारा एडमंडच रोज सकाळी ते ऐकायला पाद्रीबुवांच्या घरी जाऊ लागतो! इथे ऑस्टिन जी मांडणी करते तिच्यावर माझा विशेष जीव आहे. मेरी आणि तिचे वाद्य ती जमिनीपर्यंत उतरलेल्या खिडकीशी बसवते. बाहेर छोटी हिरवळ, भोवती ऐन उन्हाळ्यात दाट पालवलेली झुडपे. म्हणजे एडमंडला भुलवण्याचे निम्मे काम, गाडी न देणारा तो ग्रामप्रदेशच फुकटात करतो आहे, आणि मेरीला त्याचा पत्ताही नाही. एडमंड तर इतका वाहवला आहे की मिसेस ग्रँट यांचे भरतकामही त्याला त्या चित्रात शोभून दिसते, आणि सँडविचचे तबक पुढे करणारे डॉ. ग्रँटसुद्धा प्रेक्षणीय वाटू लागतात.