निवेदनाचा हक्क : गुन्हा, त्याग आणि चित्रवाणी

चित्रवाणीवरील गुन्हेगारीच्या उदात्तीकरणाची चर्चा बहुधा आशयाच्या पातळीवरच थांबते. रक्तपात किती, शिव्या किती, गुन्हेगाराला अखेर शिक्षा झाली की नाही, या निकषांवर मालिकेचे नैतिक मूल्य ठरविले जाते. शिक्षा होऊनही गुन्हेगार मनात घर करून राहतो, याचा उलगडा मात्र या निकषांनी होत नाही. त्यासाठी निवेदनाच्या रचनेकडे वळावे लागते.

विक्रम चंद्र यांच्या २००६ सालच्या इंग्रजी कादंबरीवर आधारलेली ‘सेक्रेड गेम्स’ ही मालिका नेटफ्लिक्सवर २०१८ साली आली. तिच्यातील टोळीनायक गणेश गायतोंडे पहिल्याच भागात मरतो. पण त्याचे बोलणे थांबत नाही. प्रथमपुरुषी निवेदक म्हणून तो स्वतःच्या आयुष्याची संगती लावतो, कृत्यांना कारणे पुरवितो, प्रेक्षकाला विश्वासात घेतो. याच मालिकेत काटेकर नावाचा हवालदार आहे. त्याचे घर, पत्नी, मुलगा यांचे मोजके प्रसंग आस्थेने रंगविलेले आहेत. तथापि स्वतःची कथा सांगण्याचा अधिकार त्याला नाही. पहिल्या पर्वातच तो मारला जातो आणि इतरांच्या आठवणीचा विषय होतो. मेलेला गुन्हेगार निवेदक राहतो, मेलेला हवालदार निवेदनाची सामग्री ठरतो. गुन्ह्याला लाभणाऱ्या तेजाचे मूळ या विषमतेत शोधावे लागेल.

दुसरा प्रश्न काळाचा आहे. अनेकदा घडलेली गोष्ट एकदाच सांगणाऱ्या निवेदनाला जेरार झेनेत यांनी १९७२ साली आपल्या कथनमीमांसेत स्वतंत्र स्थान दिले. मराठीत तर त्यासाठी क्रियापदाचे रूपच आहे. ‘ती पहाटे उठे, पाणी भरी, डबा करी, कामाला जाई’ या रीतिभूतकाळात वर्षानुवर्षांचे कष्ट एका वाक्यात सामावतात. पडद्यावर दिसते ती कोणती तरी एकच पहाट. ती रोजची आहे, हे प्रेक्षकाने ताडावयाचे असते. गुन्हा ही घटना आहे, ती एकदा दाखविली की पुरते. मूक त्याग ही रीत आहे. तिचे सारे वजन पुनरावृत्तीत असते.

दैनंदिन मालिकेपाशी पुनरावृत्तीसाठी वेळ मुबलक आहे, असा आक्षेप येथे संभवतो. ‘चार दिवस सासूचे’ या मराठी मालिकेचे २००१ ते २०१३ या काळात तीन हजारांहून अधिक भाग झाले. परंतु दैनंदिन मालिकेचा रूढ घाट प्रत्येक भागाच्या अखेरीस नवे संकट मागतो. त्यामुळे त्यागालाही घटना व्हावे लागते : दागिने उतरविले जातात, डोळे भरून येतात, पार्श्वसंगीत दाटते. असा त्याग गुन्ह्याइतकाच नटवा असतो. शिवाय स्त्रीने स्वतःला पुसून टाकणे हीच तिची थोरवी, असे तो सुचवितो. ‘गुन्हेगार नकोत, सद्गुणी माणसे दाखवा’ ही मागणी म्हणूनच अपुरी, प्रसंगी घातकही ठरते.

मराठी साहित्यात या प्रश्नाची दोन उत्तरे शेजारी-शेजारी सापडतात. १९३५ साली प्रसिद्ध झालेल्या साने गुरुजींच्या ‘श्यामची आई’मध्ये आईचे कष्ट मुलाच्या तोंडून, रात्रीमागून रात्र कथन होतात. या कृतज्ञ निवेदनाची आर्तता निर्विवाद आहे. पण त्यागाला अर्थ देणारा येथे त्या त्यागाचा लाभार्थी आहे. त्याच दशकात प्रसिद्ध होऊ लागलेल्या ‘स्मृतिचित्रे’त लक्ष्मीबाई टिळक स्वतःच बोलतात. ओढाताण तेथेही आहे. मात्र भोगणारीच निवेदक झाल्याने तिला विनोद सुचतो, तक्रार करता येते, सोसण्याला त्यागाचे मखर चढत नाही.

चित्रवाणीच्या समीक्षेने, तेव्हा, पडद्यावर कोण आहे याबरोबरच ‘मी’ कोण म्हणतो आणि रोजच्या काळाला जागा मिळते का, हेही तपासावयास हवे. काटेकरला पुतळा नको आहे. पगाराची तारीख, रात्रपाळी आणि मुलाची शाळा यांविषयी त्याला स्वतःच्या शब्दांत, हवे तर चिडूनही, बोलता आले पाहिजे. तोवर गायतोंडेला फाशी दिली काय किंवा न दिली काय, कथा त्याचीच राहील.