स्पर्शाआधीचे सहा तास

1994 साली ‘डेव्हलपमेंट’ या नियतकालिकात सुधांशू डे यांच्या गटाचा एक शोधनिबंध आला. एचबी-ईजीएफ हा वृद्धिघटक उंदराच्या मादीच्या गर्भाशयात कधी आणि कुठे तयार होतो, एवढाच त्याचा विषय. पण त्या ‘कधी’ आणि ‘कुठे’मध्येच या निबंधाचं सारं सौंदर्य आहे.

उंदरांत गरोदरपणाच्या चौथ्या दिवशी, रात्री दहा-अकराच्या सुमारास ब्लास्टोसिस्ट, म्हणजे अगदी सुरुवातीच्या अवस्थेतला गर्भ, गर्भाशयाच्या अस्तराला चिकटू लागतो. एचबी-ईजीएफचा जनुक मात्र त्याच्या सहा-सात तास आधीच जागा झालेला असतो. तोही सगळ्या अस्तरात नव्हे, फक्त ब्लास्टोसिस्टच्या सभोवतालच्या पेशींत. अस्तराची लांबच लांब रेघ गप्प आणि गर्भाच्या शेजारचा तेवढा तुकडा बोलता! अजून पकड बसलेली नाही, तरी गर्भ नेमका कुठे आहे हे भिंतीला कळलेलं आहे.

मग त्यांनी या दृश्याची परीक्षा घेतली. रुजणं लांबवून ब्लास्टोसिस्टला सुप्तावस्थेत ठेवलं, तर तो तिथे असूनही अस्तर मुकंच राहतं. इस्ट्रोजेन देऊन त्याला जागं केलं, की शेजारच्या पेशी लगेच कामाला लागतात. म्हणजे गर्भाची नुसती हजेरी पुरत नाही, तो जागाही असावा लागतो. मला निबंधाचा हा भाग सर्वांत देखणा वाटतो, कारण कोण कोणाला साद घालतंय हा प्रश्न इथे पहिल्यांदा खरोखर उभा राहतो. उत्तर दोन्ही बाजूंनी येतं: ब्लास्टोसिस्टच्या अंगावर ईजीएफ या एचबी-ईजीएफच्या भाऊबंदाचे ग्राहक (रिसेप्टर) असतात, आणि त्यांच्यामार्फत एचबी-ईजीएफ मिळाला की तो वाढतो, आवरण फोडून बाहेर येतो, त्याच्या बाहेरच्या पेशी पसरू लागतात.



2001 मध्ये याच गटाने केलेला प्रयोग तर धाडसी होता. ब्लास्टोसिस्टएवढे मणी एचबी-ईजीएफमध्ये भिजवून त्यांनी ते छद्मगर्भी, म्हणजे पोटात गर्भ नसूनही शरीर गरोदरपणासाठी तयार झालेल्या, माद्यांच्या गर्भाशयात ठेवले. मण्यात जीव नाही, पेशी नाही, तरी त्याच्याभोवती रक्तवाहिन्या पाझरू लागल्या, गर्भ रुजताना जागे होणारे जनुक जागे झाले. त्यांत अस्तराचा स्वतःचा एचबी-ईजीएफही होता. एका रेणूने पेटवलेलं काम तोच रेणू पुढे चालू ठेवतो, हे वाचताना मी थांबलो होतो.

तरीही या रेणूला सर्वेसर्वा म्हणणं चूक ठरेल. 2007 मध्ये मातेच्या गर्भाशयातून तो काढून टाकला, तेव्हा गर्भधारणा थांबली नाही. अँफिरेग्युलिन नावाच्या भावंडाने थोडीफार उणीव भरून काढली. पण गर्भ उशिरा रुजले, आणि तो उशीर पुढे अंगावर आला: पिल्लं कमी जन्मली. 1994 च्या निबंधातले ते सहा-सात तास किती मोलाचे होते, याचा हिशेब मला इथे लागला.