‘टोस्टर’ : देखभाल थांबलेल्या लायब्ररीचे मूल्यमापन

जुन्या वेब-अनुप्रयोगांत क्षणिक सूचना दाखविणाऱ्या ‘टोस्टर’ या जावास्क्रिप्ट लायब्ररीची देखभाल २.१.४ या आवृत्तीनंतर थांबली. तेवढ्यावरून ती त्याज्य ठरत नाही. सूचना पाच सेकंद दाखवून मिटविण्याचे काम ती आजही चोख करते. खरा दोष निराळा आहे. संदेशातील एचटीएमएल-चिन्हे निष्प्रभ करणारा ‘एस्केपएचटीएमएल’ हा पर्याय तिच्यात मुळात बंद असतो. परिणामी एकाने नावाच्या रकान्यात लिहिलेली आज्ञावली सूचनेवाटे दुसऱ्याच्या पडद्यावर चालू शकते. तो पर्याय प्रथम चालू करावा. शिवाय ती जेक्वेरीवर विसंबून असल्याने, जेक्वेरी काढावयाची झाल्यास तिलाही जावे लागेल. म्हणून तिचा ठिकठिकाणचा थेट वापर एकाच फंक्शनमागे आणावा. देखभालकर्ता उरला नाही, की साधनाची जबाबदारी ते वापरणाऱ्याकडेच येते.